दिग्रसमध्ये बसून राष्ट्रपती निवडण्याची सोपी पद्धत

अठरा वर्षं पूर्ण झाली आहेत, मतदार यादीत नाव आहे, नगरपरिषदेपासून लोकसभेपर्यंत सगळीकडे बटण दाबून झालं आहे आणि आता देशाचा राष्ट्रपती तेवढा निवडायचा राहिला आहे, अशा यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसकरांनी ही मार्गदर्शिका वाचावी. पूर्वानुभव लागत नाही. तो असलेली माणसं तालुक्यात फार थोडी आहेत आणि ती बहुतेक वेळ मुंबईत, नाहीतर दिल्लीत असतात.

लागणारं साहित्य : एक आमदार, एक खासदार, १९७१ ची जनगणना, जांभळ्या शाईचं पेन (हे निवडणूक आयोग देतो, घरून नेऊ नये) आणि पाच वर्षं.

पायरी पहिली : योग्य अध्यक्ष ओळखा

नवशिक्याची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. गावात प्रचाराचा ऑटो फिरतो, भोंग्यावरून अध्यक्षपदाच्या लाडक्या उमेदवाराचं नाव ऐकू येतं आणि माणूस हुरळतो. तो नगराध्यक्ष. त्याला तुम्ही थेट निवडू शकता. टीव्हीवर रोज दिसणारा, सकाळी आयातशुल्क वाढवणारा आणि संध्याकाळी त्यावर बोलणारा, तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. त्याला तुम्ही निवडू शकत नाही, पण त्याने भारतीय कापडावर शुल्क लावलं की दिग्रसच्या कापसाला त्याची झळ लागते. आपला विषय तिसरा : ज्याला आपण निवडत नाही, आणि ज्याच्या नावाने मात्र देशातलं सगळं चालतं.

नगराध्यक्षाबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. दिग्रसची नगरपरिषद १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्याखाली चालते आणि हा कायदा विधिमंडळात साध्या बहुमताने बदलता येतो. २०१६ मध्ये नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचं ठरलं. २०२० मध्ये महाविकास आघाडीने ते मोडून निवड नगरसेवकांच्या हाती दिली. २०२२ मध्ये शिंदे सरकार आलं आणि निवड पुन्हा जनतेकडे आली. मुंबईत सत्ता कोणाची आहे हे पाहायला मुंबईला जायची गरज नाही. दिग्रसचा नगराध्यक्ष सध्या कोण निवडतं, एवढं विचारलं की पुरतं.

राष्ट्रपतीच्या बाबतीत हा खेळ चालत नाही. ती पद्धत घटनेच्या अनुच्छेद ५४ आणि ५५ मध्ये आहे. ती बदलायची तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात आणि वर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता. म्हणजे ज्याला आपण निवडतो त्याच्या निवडीची रीत कोणीही येऊन बदलतो, आणि ज्याला निवडत नाही त्याची रीत दुहेरी कुलपात बंद आहे.

थेट निवडणुकीची सूचना घटना समितीत आलीच नव्हती असं मात्र नाही. प्रा. के. टी. शाह यांनी राष्ट्रपती प्रौढ मतदारांनी निवडावा अशी दुरुस्ती मांडली होती. ती पडली. राष्ट्रपतीला सगळ्या देशाने निवडून द्यायचं आणि मग अधिकार काहीच द्यायचे नाहीत, हे विसंगत होईल असा नेहरूंचा युक्तिवाद होता. १९५२ च्या पहिल्या राष्ट्रपती निवडणुकीत शाह स्वतः उभे राहिले, अर्थात त्यांना नको असलेल्या पद्धतीने, आणि राजेंद्र प्रसादांकडून हरले. त्याच निवडणुकीत लक्ष्मण गणेश थत्ते नावाच्या उमेदवारालाही २,६७२ मतमूल्य मिळालं होतं. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मराठी आडनाव पहिल्या दिवसापासून आहे, इतकाच मुद्दा.

पायरी दुसरी : एक आमदार करून ठेवा

राष्ट्रपती निवडतं निर्वाचकगण, म्हणजे लोकसभा-राज्यसभेचे निवडून आलेले खासदार आणि विधानसभांचे निवडून आलेले आमदार. तुम्ही ह्यात थेट नाही, पण तुमचा आमदार आहे. त्याला आधीच्या निवडणुकीत निवडून ठेवलेला असला पाहिजे. ऐनवेळी मिळत नाही.

खबरदारी : आमदार दोन प्रकारचे असतात. विधान परिषदेचाही आमदारच म्हणवतो, त्याच्याही गाडीवर तीच पाटी असते, लग्नाच्या मांडवात त्यालाही पुढचीच खुर्ची मिळते. इथे तो चालत नाही. राज्यसभेतले राष्ट्रपतिनियुक्त बारा खासदारही चालत नाहीत. ज्यांना राष्ट्रपतींनी नेमलं त्यांनी राष्ट्रपती निवडायचा नाही, हे रास्तच आहे.

दिग्रस ह्या बाबतीत सुखी आहे. दिग्रस, दारव्हा, नेर हा पट्टा ज्या मतदारसंघात येतो त्याचे आमदार संजय राठोड. यवतमाळ-वाशीमचे खासदार संजय देशमुख, तेही दिग्रसचे, आणि १९९९ व २००४ मध्ये अपक्ष म्हणून दिग्रसचेच आमदार. दोघांच्याही पक्षाच्या नावात शिवसेना आहे, पण शिवसेना दोन आहेत. महाभारतात एका संजयावर भागलं होतं. दिग्रसला राजधानीची बातमी सांगायला दोन आहेत, आणि दोन्ही बातम्या जुळत नाहीत.

पायरी तिसरी : आमदाराचं वजन करा

एक माणूस एक मत, हे इथे विसरा. प्रत्येक आमदाराच्या मताला मूल्य असतं आणि ते काढायला कागद-पेन्सिल पुरते. राज्याची लोकसंख्या घ्या, तिला आमदारांच्या संख्येने भागा, आलेल्या आकड्याला हजाराने भागा. महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. भागिले २८८. भागिले हजार. उत्तर १७५ आणि वर किरकोळ. किरकोळ सोडून द्या. दिग्रसच्या आमदाराचं एक मत म्हणजे १७५ मतं.

इथे चाणाक्ष नवशिका हात वर करतो : भाऊ, महाराष्ट्र पाच कोटींचा कधी होता? १९७१ मध्ये होता. हिशेब त्याच साली थांबवलेला आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जनगणनेचा आकडा गोठवला, कारण ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन नीट केलं त्यांची किंमत कमी आणि ज्यांनी केलं नाही त्यांची जास्त, असा उलटा न्याय व्हायला नको होता. पुढे ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत वाढवली. परिणाम असा की १९७१ मध्ये जो दिग्रसमध्ये पाळण्यात होता तो राष्ट्रपतीच्या हिशेबात धरलेला आहे आणि बहात्तरच्या दुष्काळात जन्मला तो धरलेला नाही. त्याला आता नातवंडं झाली. तीही धरलेली नाहीत. घरात राष्ट्रपती निवडण्याचा खरा हक्क कोणाचा ह्यावर वाद झाला तर आजीचं म्हणणं मान्य करावं.

ह्या हिशेबात उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मत २०८ चं, तेलंगणाचं १३२ चं, मध्य प्रदेशचं १३१ चं, गोव्याचं २० चं आणि सिक्कीमचं ७ चं. सगळ्या आमदारांच्या मूल्यांची बेरीज करून तिला निवडून आलेल्या ७७६ खासदारांनी भागलं की खासदाराचं मूल्य निघतं. २०१७ मध्ये ते ७०८ होतं. २०२२ मध्ये जम्मू-काश्मीरला विधानसभाच नव्हती, बेरीज घटली आणि प्रत्येक खासदार ७०० वर आला. श्रीनगरला विधानसभा नव्हती म्हणून यवतमाळच्या खासदाराची आठ मतं गेली. संघराज्य कसं चालतं हे समजावून सांगायला मला ह्याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

पायरी चौथी : स्वतः उभं राहायचं असेल तर

वय पस्तीस, भारताचं नागरिकत्व, लोकसभेला उभं राहण्याची पात्रता आणि सरकारी लाभाचं पद नको. एवढं जमलं की निर्वाचकगणातले पन्नास सूचक आणि पन्नास अनुमोदक गोळा करा, पंधरा हजार रुपये अनामत भरा आणि आपल्या मतदार यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडा. १९७४ मध्ये दहा सूचक, दहा अनुमोदक आणि अडीच हजारांत काम भागत होतं. पुढे हौशी उमेदवार वाढत गेले म्हणून १९९७ मध्ये आकडे वाढवले. पंधरा हजार जमवणारे गावात बरेच निघतील. आमदार-खासदार मिळून शंभर जमवणारा मात्र राष्ट्रपती कशाला होईल, मुख्यमंत्री नाही का होणार? १९७७ मध्ये ३७ अर्ज आले, ३६ बाद झाले आणि नीलम संजीव रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले. बाद होण्याचं दुःख करू नये.

पायरी पाचवी : मतदान

तुमचा आमदार मुंबईला विधान भवनात जाईल. तिथे यंत्र नाही, कागदी मतपत्रिका आहे : आमदाराला गुलाबी, खासदाराला हिरवी. शिक्का मारायचा नाही. उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीचे आकडे लिहायचे, १, २, ३. पक्षाचा व्हीप इथे चालत नाही आणि मतदान गुप्त असतं. त्यामुळे आमदाराने कोणाला मत दिलं हे विचारू नये. सांगितलं तरी विश्वास ठेवू नये.

दुसरी पसंती कशाला, असं नवशिक्याला वाटतं. शर्यतीत खरे उमेदवार दोनच असतात, मग २ चा आकडा लिहून काय उपयोग? ह्याचं उत्तर १९६९ मध्ये मिळालं आणि त्या उत्तराच्या मधोमध एक मराठी माणूस होता.

झाकिर हुसेन पदावर असताना गेले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी राजीनामा देऊन अपक्ष उभे राहिले आणि इंदिरा गांधींनी आपल्याच पक्षाच्या लोकांना सदसद्विवेकबुद्धीने मत द्या असं सांगितलं. अर्थ सगळ्यांना कळला. तिसरे उमेदवार चिंतामणराव देशमुख, रायगड जिल्ह्यातल्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबई केंद्रशासित करण्याच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे तेच. त्यांच्यामागे जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष होते. एकूण उमेदवार पंधरा, जिंकायला लागणारं मूल्य ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. कोणीच पोचलं नाही. मग खालचे उमेदवार एकेक करून बाद झाले आणि शेवटी चिंतामणरावांच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीसाठी उघडल्या. त्यातली बरीच मतं रेड्डींकडे गेली, पण गिरींना थोडीच हवी होती आणि तेवढी मिळाली. शेवटचा आकडा गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. राष्ट्रपतीची निवड दुसऱ्या पसंतीवर गेली ती एवढी एकदाच. ज्याने आयुष्यभर देशाचे हिशेब केले त्याच्या नावाच्या मतपत्रिकांवर शेवटचा हिशेब झाला. त्यानंतर काँग्रेस फुटली. आता तुमचा आमदार २ लिहायचा आळस करत असेल तर त्याला ही गोष्ट सांगा.

पायरी सहावी : वाट पाहा.

पायरी सातवी : निकाल साजरा करा

२००७ मध्ये साजरा करायला विदर्भाला कारण होतं. प्रतिभाताई पाटील मूळच्या जळगावकडच्या, पण सासर अमरावतीचं, आणि अमरावतीतून खासदारही होत्या. त्या ६,३८,११६ मतमूल्याने निवडून आल्या, प्रतिस्पर्धी भैरोंसिंह शेखावत ३,३१,३०६ वर राहिले. शिवसेना तेव्हा विरोधी आघाडीत होती, पण मराठी माणूस म्हणून तिने प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. अमरावती म्हणजे यवतमाळ जिल्ह्याचं महसुली विभागाचं मुख्यालय. त्या पाच वर्षांत दिग्रसचा अर्ज आयुक्त कार्यालयात अडकला तरी माणूस म्हणायचा, राष्ट्रपती आपल्याच गावच्या आहेत. अर्ज हलायचा नाही ते वेगळं.

निवडून झाला, आता वापरायचा कसा?

मार्गदर्शिकेचा हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे आणि लोक तोच वाचत नाहीत.

अनुच्छेद ५३ म्हणतो, संघराज्याचा कार्यकारी अधिकार राष्ट्रपतीच्या ठायी. अनुच्छेद ७७ म्हणतो, केंद्राची सगळी कार्यवाही राष्ट्रपतीच्या नावाने. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात तर केंद्र सरकार ह्याचा अर्थच राष्ट्रपती असा दिला आहे. लष्कराचे सरसेनापती राष्ट्रपती. राज्यपाल नेमणार राष्ट्रपती. मग अनुच्छेद ७४ येतो आणि सांगतो, हे सगळं मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. दिग्रसच्या शेतकऱ्याला हे एका वाक्यात कळेल : सातबारा राष्ट्रपतींच्या नावावर आहे, वहिती मंत्रिमंडळाची आहे.

तेव्हा २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचं अकरा टक्के आयातशुल्क उठवलं आणि नंतर ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे विदर्भात कापूस बाजारात येतो नेमक्या त्या दिवसांत, वाढवली, तेव्हा ते कायद्याच्या भाषेत कोणी केलं आणि खरोखर कोणी केलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. परीक्षेत पहिला विचारतात. बाजार समितीत दुसरा.

सल्ला ऐकलाच पाहिजे का? मूळ घटनेत हे स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. आणीबाणीत, १९७६ मध्ये, ४२ व्या दुरुस्तीने लिहिलं : ऐकलाच पाहिजे. १९७८ मध्ये ४४ व्या दुरुस्तीने थोडी मोकळीक दिली : एकदा परत पाठवता येईल, पुन्हा तोच सल्ला आला तर मानावा लागेल. विधेयकांचंही तसंच आहे. २००६ मध्ये अब्दुल कलामांनी लाभाच्या पदाचं विधेयक परत पाठवलं, संसदेने ते पुन्हा मंजूर केलं आणि कलामांनी सही केली. झैलसिंगांची रीत वेगळी. १९८६ च्या टपाल दुरुस्ती विधेयकावर त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, परत पाठवलं नाही. ठेवून दिलं. लोकांची पत्रं उघडण्याचा अधिकार सरकारला देणारं ते विधेयक पुढे कधीच कायदा झालं नाही. काही न करणं हा अधिकार तहसील कार्यालयात सगळ्यांना ठाऊक असतो. राष्ट्रपती भवनात तो वापरायला धाडस लागतं.

राष्ट्रपती राजवट : घरगुती वापर

अनुच्छेद ३५६. महाराष्ट्रात हा तीनदा वापरला आहे : १९८०, २०१४ आणि २०१९. शिकायला २०१९ चा उत्तम.

त्या वर्षी २४ ऑक्टोबरला निकाल लागले. दिग्रसला आमदार मिळाला, पण त्याला बसायला सरकार मिळेना. राज्यपाल भगतसिंह कोश्यारींनी अहवाल पाठवला आणि १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. त्या दिवसापासून दिग्रसचं तहसील कार्यालय ज्या राज्य सरकारसाठी चालत होतं, त्याचा कारभार थेट राष्ट्रपतींच्या नावावर गेला. तहसीलमध्ये काही फरक दिसला नाही, हे खरंच आहे, पण एक गोष्ट झाली. त्या हंगामात परतीच्या पावसाने सोयाबीन आणि कापूस धुऊन काढला होता, आणि मंत्री नसताना राज्यपालांनी १६ नोव्हेंबरला खरिपासाठी हेक्टरी ८,००० आणि फळबागांसाठी १८,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, जाहीर केले. शेतकरी म्हणाले, कमी आहेत. मंत्री असते तर त्यांच्यासमोर म्हणता आलं असतं. राष्ट्रपतीसमोर म्हणायला दिल्ली गाठावी लागते.

आता ही राजवट काढायची कशी? नेहमीची कृती अशी : मंत्रिमंडळ बसतं, शिफारस करतं, राष्ट्रपती सही करतात. तातडीची कृती २३ नोव्हेंबरला पाहायला मिळाली. केंद्राच्या कामकाज नियमांतल्या नियम १२ ने पंतप्रधानांना मंत्रिमंडळाची बैठक टाळता येते. तो वापरला गेला आणि पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली. आठच्या सुमारास देवेंद्र फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी झाला. दिग्रसमध्ये अर्ध्या लोकांनी ही बातमी दात घासताना ऐकली आणि उरलेल्यांनी खोटी म्हणून सोडून दिली. सर्वोच्च न्यायालयाने २६ तारखेला सांगितलं, उद्या सभागृहात बहुमत सिद्ध करा. फडणवीसांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. तो संविधान दिन होता आणि राष्ट्रपती त्या दिवशी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात संविधानावर भाषण करत होते. ह्यावर टीका मी करत नाही. सही राष्ट्रपतींची असते, घाई दुसऱ्याची, हे लक्षात राहण्यासाठी सांगितलं.

अनुच्छेद ३७१, पोटकलम २ : हा पाठच करा

घटनेत विदर्भाचं नाव छापलेलं आहे, हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. १९५६ मध्ये सातव्या दुरुस्तीने ही तरतूद आली. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र ह्यांच्यासाठी वेगळी विकास मंडळं स्थापन करणं, विकासनिधीची न्याय्य वाटणी करणं आणि तंत्रशिक्षण व नोकऱ्यांची पुरेशी सोय करणं, ह्याची खास जबाबदारी राष्ट्रपती आदेश काढून राज्यपालांवर टाकू शकतात. टाकू शकतात. टाकलीच पाहिजे असं नाही. म्हणून १९५६ ते १९९४ कोणीही टाकली नाही. मधल्या काळात दांडेकर समितीने अनुशेष मोजला, सिंचनाचा, रस्त्यांचा, विजेचा, आणि अनुशेष हा शब्द विदर्भाच्या घराघरात गेला. १९९४ च्या मार्चमध्ये राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि मे महिन्यात विदर्भ वैधानिक विकास मंडळ सुरू झालं. मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत ते ३० एप्रिल २०२० पर्यंत चाललं आणि त्या दिवशी मुदत संपली. सगळे टाळेबंदीत होते, कोणाच्या लक्षात आलं नाही असं म्हणायला जागा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंडळं पुन्हा स्थापन करायचं ठरवलं आणि प्रस्ताव दिल्लीला गेला. २०२५ उजाडलं तरी मंडळाचा पत्ता नव्हता.

सराव : मंडळ कोणामुळे अडलं, ते लिहा. उत्तरात राष्ट्रपतींचं नाव लिहिणाऱ्याला शून्य गुण, कारण ते सल्ल्याने चालतात. केंद्र सरकारचं लिहिलं तर तिथले लोक म्हणतील, राज्याने पाठपुरावा केला नाही. राज्याचं लिहिलं तर ते म्हणतील, आदेश राष्ट्रपतींनी काढायचा असतो. उत्तरपत्रिका गोल कापून आणावी.

किरकोळ दुरुस्त्या, घाईत

अनुसूचित जमातींची यादी. अनुच्छेद ३४२ प्रमाणे ती राष्ट्रपतींनी आदेशाने करायची. ती १९५० मध्ये झाली. त्यानंतर तीत नाव घालायचं किंवा काढायचं तर संसदेने कायदा करायचा. राष्ट्रपतींना एकदा लिहिण्याची मुभा, खोडण्याची नाही. २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटचा आधार देऊन बंजारा समाजाने ह्या यादीत समावेशाची मागणी लावून धरली तेव्हा दिग्रस-पोहरादेवीच्या पट्ट्यात पुढारी मंचावरून मुख्यमंत्र्यांना साकडं घालत होते. ह्याच समाजाचे, पलीकडे पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक अकरा वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्री होते. मुख्यमंत्र्याच्या टेबलावर ही यादीच नसते.

वेगळा विदर्भ. अनुच्छेद ३. विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय संसदेत मांडता येत नाही, आणि राष्ट्रपतींनी आधी महाराष्ट्र विधिमंडळाचं मत मागवायचं असतं. मत मागवायचं, मानलंच पाहिजे असं नाही. यवतमाळच्या जांबुवंतराव धोट्यांनी ह्यासाठी आयुष्य घातलं. मार्गदर्शिकेला ते एका परिच्छेदात बसवता येणार नाही.

राष्ट्रपतींनी सही किती दिवसांत करावी? राज्याचं एखादं विधेयक राज्यपाल राष्ट्रपतींकडे पाठवू शकतात. महाराष्ट्राचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलं आणि तसंच दिल्लीला गेलं. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या खटल्यात अशा सह्यांना मुदत घालून दिली. त्यावर राष्ट्रपतींनी अनुच्छेद १४३ खाली न्यायालयालाच चौदा प्रश्न विचारले, आणि २० नोव्हेंबर २०२५ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मत दिलं की न्यायालयाला अशी ठरावीक मुदत घालता येत नाही. पीठाचे प्रमुख तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, अमरावतीचे. म्हणजे राष्ट्रपती कितीही वेळ घेऊ शकतात का, ह्या प्रश्नाचं उत्तर आमच्याच विभागातून गेलं. सरकारी उत्तराला मुदत नसते हे आम्हाला आधीपासून माहीत होतं.

काढून टाकायचं असेल तर. अनुच्छेद ६१, महाभियोग. एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या, चौदा दिवसांची नोटीस, दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश. निवडताना आमदार लागतो, काढताना लागत नाही. आजवर कोणावर वेळ आलेली नाही.

शेवटची पायरी : निवेदन द्या

राष्ट्रपतींपर्यंत पोचण्याचा जो मार्ग दिग्रसकराला थेट उपलब्ध आहे तो हाच आणि तो रोज कोणी ना कोणी वापरतो. कागद उभा धरा. वर लिहा, प्रति, माननीय राष्ट्रपती महोदया, राष्ट्रपती भवन, नवी दिल्ली. खाली लिहा, मार्फत, माननीय तहसीलदार साहेब, दिग्रस. विषय एका ओळीत. मजकुरात राग चालेल, पण आंदोलन छेडण्याचा इशारा शेवटच्या परिच्छेदात ठेवा, तिथेच तो वाचतात. पाच-सात जण सोबत न्या, त्यातल्या एकाकडे मोबाइल असावा, कारण फोटो निघाला नाही तर निवेदन दिलं असं उद्याच्या पेपरात धरत नाहीत. तहसीलदार बैठकीला गेलेले असतील तर नायब तहसीलदार घेतील.

तिथून कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे यवतमाळला जातो, पुढे जमलं तर मुंबई, मग दिल्ली. राष्ट्रपती सचिवालयाची ऑनलाइन सोयही आहे, २००९ पासून, प्रतिभाताईंच्याच काळातली. दोन्ही वाटांनी गेलेलं निवेदन सचिवालय संबंधित मंत्रालयाकडे किंवा राज्याच्या मुख्य सचिवांकडे योग्य त्या कार्यवाहीसाठी पाठवतं. मुख्य सचिवांचं कार्यालय ते विभागाकडे, विभाग जिल्हाधिकाऱ्यांकडे, जिल्हाधिकारी दिग्रसच्या तहसीलदारांकडे. अहवाल मागवलेला असतो. तो अहवाल लिहिणारा कारकून बहुधा तोच असतो ज्याने तुमच्या हातातून कागद घेतला होता. म्हणून त्याच्याशी वाद घालू नये. दोन प्रती न्या, एक त्याला द्या, दुसरीवर गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या, आणि आकडा नीट उमटला आहे का ते टेबलावरून उठण्याआधी पाहून घ्या. पुढच्या वेळी तोच लागतो.